अंगकोरच्या फूटपट्टीने चंपा मोजण्याची खोड

मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनारपट्टीत उभी असलेली चाम लोकांची विटांची मंदिरं म्हणजे मूळची ख्मेर कल्पना, फक्त हात आखडता घेऊन बांधलेली, असं सांगण्याची एक रूढ पद्धत पडली आहे. सहलीच्या माहितीपत्रकांत ती असते, सचित्र पुस्तकांच्या प्रस्तावनांत असते, आणि कंबोडिया-व्हिएतनाम एकाच दौऱ्यात उरकून आलेल्या आपल्याकडच्या मंडळींच्या बोलण्यातही असते. कारण तयारच असतं. शेजारी कंबोडियात ख्मेरांचं अंगकोरसारखं बलाढ्य राज्य होतं, त्याने चंपा, म्हणजे चाम लोकांचं राज्य, जिंकलं, म्हणून जेत्याची कला जितांकडे आली. ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की पुरावा मागायचं कोणाला सुचत नाही.

मला पुरावा मागायचा आहे. पण आधी प्रतिपक्षाच्या हातात जे खरोखर आहे ते मान्य करतो. ख्मेर राजा दुसरा सूर्यवर्मन, म्हणजे अंगकोर वाटचा कर्ता, याने 1145 च्या सुमारास चंपेचं विजय हे केंद्र घेतलं आणि 1149 मध्ये जय हरिवर्मन पहिला याने ते परत मिळवेपर्यंत तिथे ख्मेर अंमल राहिला. पुढे सातव्या जयवर्मनच्या काळात, 1203 पासून 1220 पर्यंत, चंपा ख्मेरांचा प्रांतच होती. आणि याच विजयच्या परिसरात, बिन्ह दिन्ह भागात, यूऑंग लाँगचे तीन मनोरे आणि क्वी न्योन शहरातले हुंग थान्हचे जोड मनोरे उभे आहेत. त्यांच्याकडे पाहून अंगकोर आठवत नाही असं म्हणणारा माणूस डोळे मिटून बोलतो आहे. शिखर टप्प्याटप्प्यांनी चढण्याऐवजी फुगीर वळण घेत निमुळतं होतं, कोपरे एकाआड एक मुडपलेले आहेत, विटांच्या जोडीला वालुकाश्म सढळपणे वापरला आहे, आणि हुंग थान्हच्या वरच्या कोपऱ्यांना हात वर करून भार पेलणारे गरुड आहेत. हे सगळं ख्मेर वळणाचं आहे. यावर माझा वाद नाही.

वाद पुढे सुरू होतो. या दोनचार मनोऱ्यांवरून दहाएक शतकांच्या अख्ख्या परंपरेला ख्मेर शाखा ठरवणं, ही शितावरून भाताची परीक्षा नव्हे; शीत दुसऱ्याच भांड्यातलं आहे. माझं म्हणणं असं: चाम मंदिरांत ख्मेर अंश आहे, पण तो ठरावीक काळात, ठरावीक ठिकाणी आणि इमारतीच्या ठरावीक भागात आहे, तो सैन्याच्या मागोमाग आलेला नाही, आणि देवाणघेवाण निदान एकदा तरी उलट दिशेने, चंपेकडून ख्मेरांकडे, झालेली दाखवता येते.

फूटपट्टी अंगकोरचीच का, हे एकदा बघून घ्यायला हवं. या प्रदेशाचा कलेतिहास लिहिला तो फ्रेंच वसाहतीच्या काळात. आँरी पारमाँतिए या वास्तुविशारदाने चाम अवशेषांची मोठी सूची 1909 आणि 1918 मध्ये प्रसिद्ध केली, आणि ते काम आजही टाळून पुढे जाता येत नाही. फिलिप स्टर्न याने 1942 मध्ये चाम कलेच्या शैलींचा क्रम लावला. मी सन ई 1, होआ लाइ, डोंग यूऑंग, मी सन ए 1, बिन्ह दिन्ह ही नावं तेव्हापासून रूढ झाली. दोघेही चंपेकडे आदराने पाहणारे होते. पण साम्राज्याला दाखवायला अंगकोर हवं होतं. 1931 च्या पॅरिसमधल्या वसाहत प्रदर्शनात अंगकोर वाटची प्रचंड प्रतिकृती उभारली गेली. कोणत्याही चाम मंदिराच्या वाट्याला असा मान आला नाही. एकदा एक गोष्ट मध्यभागी बसवली की शेजारची प्रत्येक गोष्ट तिची छाया दिसू लागते. आपल्याकडे काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की ते ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे 1060 मधलं, शिलाहारांच्या काळातलं. हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात आला तो दोनशे वर्षांनी. तरीही शिक्का पुसला जात नाही. चंपेवरचा ‘ख्मेर’ हा शिक्का त्याच जातीचा आहे.

आता सुरुवातीच्या काळाकडे. मी सन या चाम देवळांच्या समूहातल्या ई 1 मंदिराची पीठिका आज दा नांगच्या चाम शिल्पांच्या संग्रहालयात आहे. तिच्या बाजूंवर तपस्वी आहेत, कोणी वाद्य वाजवतो आहे, कोणी शिष्याला शिकवतो आहे. त्याच मंदिरावरच्या शेषशायी विष्णूच्या शिल्पपटात ब्रह्मा नाभिकमळातून प्रकटतो. या कामाचं अंगकोरपूर्व ख्मेर कामाशी, संबोर प्रेई कुक आणि त्यानंतरच्या टप्प्याशी, साम्य आहे हे अभ्यासकांनी फार पूर्वी नोंदवलं. तिथून प्रतिपक्ष लगेच म्हणतो: बघा, पहिल्यापासूनच ख्मेर. पण याच मी सनमध्ये प्रकाशधर्म विक्रांतवर्मन या राजाचा 658 चा शिलालेख आहे आणि तो घराण्याची हकीकत सांगतो. प्रकाशधर्माचे वडील जगद्धर्म भवपूरला गेले, तिथे त्यांनी ईशानवर्मनची मुलगी शर्वाणी हिच्याशी लग्न केलं, आणि त्यांचा मुलगा चंपेच्या गादीवर आला. ईशानवर्मन म्हणजे संबोर प्रेई कुकचा राजा. सातव्या शतकातल्या मी सनमध्ये ख्मेर खुणा सापडतात त्या राजाच्या आजोळच्या आहेत. सोयरिकीतून आलेल्या गोष्टीला आक्रमणाचा वारसा ठरवण्यासाठी काहीशे वर्षं पुढच्या लढाया मागे ओढून आणाव्या लागतात. याला आपल्याकडे बादरायण संबंध म्हणतात.

शिवाय तेव्हा अंगकोर नव्हतंच. सातव्या शतकात दोन्हीकडे लहानमोठे राजे होते, दोन्हीकडे वीट हेच मुख्य साहित्य होतं, दोन्हीकडे संस्कृत लेख कोरले जात होते आणि दोन्हीकडे शिवलिंगाला राजाचं नाव जोडून त्याची प्रतिष्ठा केली जात होती. मी सनमध्ये ही चाल भद्रवर्मनपासूनची आहे. भद्रेश्वर हे तिथल्या देवाचं नाव त्याच्यावरून पडलं, आणि शंभुवर्मनने नव्याने देऊळ बांधल्यावर ते शंभुभद्रेश्वर झालं. भद्रवर्मनचा काळ ईशानवर्मनच्या दोनेकशे वर्षं आधीचा.

मग येतं ते प्रकरण, ज्याचा उल्लेख ‘ख्मेर प्रभाव’वाले सहसा करत नाहीत. कंबोडियात सिएम रीपच्या उत्तरेला कुलेन डोंगर आहे. 802 मध्ये दुसऱ्या जयवर्मनने इथेच चक्रवर्तीपदाचा विधी केला आणि तिथून अंगकोरच्या राज्याचा इतिहास मोजतात. थोडक्यात, ख्मेर साम्राज्याचं जन्मस्थान. या डोंगरावर, त्याच काळातलं, प्रासात दाम्रेई क्राप नावाचं विटांचं मंदिर आहे. तीन मनोरे एका ओळीत. आणि ते चाम आहे. भिंतीवरच्या अर्धस्तंभांची ठेवण, कमानींची नक्षी, मनोऱ्याची एकूण अंगलट, सगळं चंपेतल्या होआ लाइच्या मनोऱ्यांशी जुळतं. दरवाजाच्या बाजूचे छोटे खांब मात्र ख्मेर पद्धतीचे आहेत, म्हणजे परक्या हातांबरोबर स्थानिक हातही लागले असावेत. स्टर्न 1936 मध्ये कुलेनवर काम करायला गेला तेव्हा त्याने हे ओळखलं, आणि पुढच्या कोणी ते गंभीरपणे खोडलेलं नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. आपल्या सार्वभौमत्वाचा उद्घोष करणाऱ्या राजाच्या डोंगरावर चाम पद्धतीचं देऊळ उभं राहतं. त्या वेळी चाम गवंडी, किंवा चाम काम शिकलेले गवंडी, हे आणावेसे वाटणारे कारागीर होते. आणि गंमत पुढेच आहे. होआ लाइ शैली नवव्या शतकाच्या पूर्वार्धात ठेवली जाते त्यामागचा एक मोठा आधार हा दाम्रेई क्रापच आहे: कुलेनचा काळ ठाऊक, दाम्रेई क्राप होआ लाइसारखं, म्हणून होआ लाइ त्या सुमाराचं. म्हणजे चंपेच्या शैलीक्रमातला एक खुंटा कंबोडियाच्या भूमीवर ठोकलेला आहे आणि तो चाम प्रभावाचा पुरावा आहे. ज्या तक्त्याच्या आधारे चंपेवर ख्मेर छाप दाखवतात, त्याच तक्त्याच्या मध्यभागी उलटी छाप बसलेली आहे. तरीही सहलीच्या पत्रकात कुलेनचं वर्णन येतं तेव्हा नदीच्या तळातली सहस्रलिंगं येतात, धबधबा येतो. दाम्रेई क्राप येत नाही.

आता विटांकडे जाऊ, कारण हा वाद शेवटी बांधकामाचा आहे आणि बांधकाम सोडून त्यावर फार बोललं जातं.

ख्मेरांनीही विटांची मंदिरं बांधली. लोलेई विटांचं, प्रे रुपचे वरचे मनोरे विटांचे. पण ख्मेर वीट सहसा चुन्याच्या गिलाव्याखाली जाते आणि नक्षी त्या गिलाव्यात होते. 921 च्या प्रासात क्रावानमध्ये आतल्या भिंतींवर विष्णू आणि लक्ष्मी थेट विटांत कोरले आहेत, हे मला मान्य. ख्मेर कामात तो देखणा अपवाद आहे. पुढे अंगकोरने वीट मागे टाकली. कुलेनचा वालुकाश्म कालव्यांतून येऊ लागला, आतल्या भरावाला जांभा आला, आणि इमारत दगडी झाली. चंपेत याच्या उलट. तिथे वीट हीच कातडी आणि वीट हेच हाड. भिंत आधी पूर्ण उभी करायची, मग तिच्यावर छिन्नी चालवायची. अर्धस्तंभ, पानांच्या वेली, कमानी, हात जोडलेल्या आकृती, सगळं उभ्या भिंतीतून काढायचं. त्यासाठी विटा एकमेकींना इतक्या चिकटून बसलेल्या लागतात की सांध्याशी नक्षी तुटता कामा नये. मी सनच्या भिंतींत सांधा बोटाला लागत नाही, आणि चुन्याचा थर दिसत नाही.

विटा कशाने जोडल्या यावर शंभर वर्षं वाद आहे. विटा घासून घासून बसवल्या हे बहुतेकांना मान्य आहे. मध्ये एखाद्या झाडाची राळ वापरली असावी असं पुष्कळांचं मत आहे, आणि मी सनच्या जी गटावर काम करणाऱ्या इटालियन तज्ज्ञांनी त्या दिशेने बरेच प्रयोग केले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तुकडीने गेल्या दशकात ए, एच आणि के या गटांचं काम हाती घेतलं तेव्हा त्यांनाही जुन्याशी नवी वीट जुळवण्याचा प्रश्न आला. 2020 मध्ये त्यांना तिथे एकसंध दगडाचं शिवलिंग सापडलं, त्याच्या बातम्या आपल्याकडे भरपूर आल्या. विटांच्या बातम्या आल्या नाहीत. हेच सर्वेक्षण कंबोडियात ता प्रोह्मचंही जतन करतं, म्हणजे दोन्ही परंपरांच्या भिंतींना हात लावणारी माणसं आपल्याकडे आहेत. ता प्रोह्ममध्ये प्रश्न असतो झाडांच्या मुळांनी हललेल्या, गारा न घालता एकावर एक रचलेल्या दगडांचा. मी सनमध्ये असतो विटेचा, तिच्यात मुरणाऱ्या पाण्याचा आणि कडेने सुटणाऱ्या नक्षीचा. ज्या दोन इमारती दुरुस्त करायला दोन वेगळी शास्त्रं लागतात, त्यांतली एक दुसरीची नक्कल कशी?

आराखड्याबद्दल थोडक्यात. चाम देवळात एक गाभारा, ज्याला कलान म्हणतात, तो मनोऱ्याच्या पोटात. पुढे मंडप, आवाराला भिंत आणि गोपुर, आणि बाजूला लांबट, होडीसारखं छप्पर असलेलं कोशगृह. अंगकोरची ओळख ज्यांनी झाली, ती पायऱ्यापायऱ्यांची पिरॅमिडसारखी चौथऱ्यांची चवड, देवळाभोवती फिरणाऱ्या लांबच लांब ओवऱ्या, त्यांच्यावरच्या शिल्पकथा, देवळाशी जोडलेले अवाढव्य तलाव, यांतलं एकही चंपेत नाही. मागच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याने नक्कल करताना पहिल्या पानाचं सगळं सोडून समासातली वेलबुट्टी उतरवावी, अशी ही नक्कल म्हणायची का?

आता बिन्ह दिन्हकडे परत येतो, कारण प्रतिपक्षाचा सगळा भार तिथेच आहे.

जिंकलं म्हणून शैली आली, हा दावा तपासायला चंपेच्या इतिहासात एक सोपी कसोटी आहे. दहाव्या शतकाच्या मध्यावर राजेंद्रवर्मनच्या ख्मेर सैन्याने कौठारावर, म्हणजे आजच्या न्या चांगच्या परिसरावर, स्वारी केली आणि पो नगरच्या देवळातली भगवतीची सोन्याची मूर्ती नेली. 965 मध्ये जय इंद्रवर्मनने तिच्या जागी दगडी मूर्ती बसवली. स्वारी झाली, लूट झाली, पण पो नगरच्या मनोऱ्यांच्या बांधणीत त्यामुळे ख्मेर वळण शिरलं असं कोणी दाखवलेलं नाही. दुसरी कसोटी याहून मोठी. 1203 ते 1220 ही सतरा वर्षं चंपा थेट ख्मेर अंमलाखाली होती, आणि ती सातव्या जयवर्मनच्या, म्हणजे बायॉन, प्रीह खान, बांतेय छमार अशा धडाक्याने बांधणाऱ्या राजवटीच्या काळात सुरू झाली. जेत्याची कला जितांवर लादली जाते हे खरं असेल तर विजयमध्ये एखादं चेहऱ्यांचं गोपुर, एखादी ओवरीवाली दगडी इमारत असायला हवी होती. नाही. यूऑंग लाँगचे मनोरे त्या सुमाराचे मानले जातात, आणि तेही विटांचे, एका गाभाऱ्याचे, ओळीने तीन उभे, म्हणजे चाम रिवाजाचे आहेत.

तिथल्या चाम गवंड्याने नेमकं काय घेतलं आणि काय नाकारलं हे पाहिलं तर निवड स्पष्ट दिसते. त्याने शिखराची बाह्यरेषा घेतली, कोपऱ्यांचे दगड घेतले, गरुड घेतले. गाभाऱ्याची रचना, विटांची जोडणी, तीन मनोऱ्यांची ओळ यांना हात लावू दिला नाही. आणि याच काळात चाम कमानीचा आकार भाल्याच्या पात्यासारखा टोकदार होत गेला, जो ख्मेरांकडे नाही. याच भागातल्या थाप माम या जागेच्या ढिगाऱ्यातून 1934 मध्ये झाँ-इव्ह क्लेज याने काढलेली शिल्पं पाहा: गजसिंह, मकर, पीठिकेभोवती स्त्रीच्या स्तनांची ओळ. यांना अंगकोरमध्ये जोडी शोधणाऱ्याने जरूर शोधावी. जवळच्या कान्ह तिएनच्या मनोऱ्याचे कोपरे पंखांसारखे वर उडालेले आहेत, आणि तो मनोरा पाहिल्यावर ख्मेर हा शब्दही मनात येत नाही. एकाच भागातल्या, एकाच शैलीच्या नावाखाली ठेवलेल्या या इमारती. त्यांतल्या दोघींना पुढे करायचं आणि बाकीच्यांना झाकायचं, हे आधी कळस मग पाया झालं.

शिवाय बाराव्या शतकाचं नातं नुसतं आक्रमक आणि आक्रांत असं नव्हतंच. सातवा जयवर्मन राजा होण्याआधी स्वतः विजयला होता, हे त्याची राणी इंद्रदेवी हिने रचलेल्या फिमेआनाकासच्या शिलालेखावरून कळतं. त्याच्याच आश्रयाला वाढलेला विद्यानंदन हा चाम राजपुत्र पुढे चंपेत राज्य करू लागला आणि त्याच्यावर उलटला. 1177 मध्ये चाम आरमाराने अंगकोर लुटल्याची गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते. मायकेल व्हिकरीसारख्या इतिहासकाराने तिचा चिनी साधनांवरचा आधार किती डळमळीत आहे हे दाखवून दिलं, तरी ती चालूच आहे, कारण ती छान जमते. बायॉनच्या भिंतीवरच्या होड्यांच्या लढाईत चाम योद्धे फुलासारख्या शिरस्त्राणांनी ओळखू येतात, पण तिथेच ख्मेरांच्या बाजूने लढणारेही चाम दिसतात. ज्या दरबारांत माणसं अशी इकडून तिकडे जात होती, तिथे गरुडाचा एखादा नमुना गेला यात नवल कसलं? आणि तो फक्त एकाच दिशेने गेला असेल असं धरून चालायचं का?

मला ठाऊक आहे, यावर उलट बाजूचा एक गट खूश होईल. चंपेत जे आहे ते सगळं चाम, बाहेरचं काही नाही, असं म्हणणारा. त्यांच्याशीही माझं जमत नाही. हुंग थान्हचा गरुड त्यांनाही गिळावा लागेल. आणि आपल्याकडचा तिसरा गट, जो रमेशचंद्र मजुमदारांचं 1927 चं चंपेवरचं पुस्तक हातात घेऊन सगळ्यालाच भारतीय वसाहत म्हणतो, त्यांना मी एवढंच विचारेन की विटांची ही जोडणी, उभ्या भिंतीवर मागाहून केलेलं हे कोरीव काम, भारतातल्या कोणत्या देवळातून गेलं ते दाखवा. दैवतं, संस्कृत आणि गाभाऱ्याची कल्पना भारतातून गेली हे उघड आहे. त्यापलीकडचं श्रेय फुकट घेण्यात काही पुरुषार्थ नाही.

राहता राहिला प्रश्न 1220 नंतरचा. ख्मेर निघून गेले, आणि अंगकोरची बांधकामाची धडाडीही तेराव्या शतकात ओसरली. चाम कला ही त्यांची छाया असती तर मूळ वस्तू हलल्यावर छायाही विरायला हवी होती. पण फान रांगजवळ तेराव्या शतकाच्या अखेरीस, तिसऱ्या जय सिंहवर्मनच्या काळात, पो क्लाँग गराईचं देऊळ उभं राहिलं: टप्प्यांचं शिखर, विटांच्या भिंती, शेजारी होडीच्या छपराचं कोशगृह. 1471 मध्ये विजय पडल्यानंतर, राज्य दक्षिणेच्या एका कोपऱ्यात आक्रसल्यावर, सतराव्या शतकात पो रोमेचं देऊळ झालं. काम खडबडीत आहे, नक्षी विरळ आहे, पण वीट तीच आणि मनोरा तोच. पो क्लाँग गराईला चाम पुजारी आजही केटच्या सणाला देवाला वस्त्रं चढवतात. ख्मेर प्रभावाने चाम वास्तुकला घडली असं ज्यांना म्हणायचं आहे, त्यांनी ही शेवटची चारशे वर्षं कोणाच्या प्रभावाने चालली ते आधी सांगावं.